स्वादुपिंडाची दोन कामे

"हृदय कुठे असते?" असे विचारले, तर पहिलीतले पोरही छातीवर हात ठेवते. "स्वादुपिंड कुठे असते?" असे मात्र विचारून पाहा. चांगली शिकलीसवरलेली माणसेसुद्धा एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागतील. यात त्यांचा दोष नाही. हृदय धडधडते, छाती वरखाली होते, भूक लागली की पोटात कावळे ओरडतात. स्वादुपिंड मात्र बिनबोभाट काम करणारे. त्याची आठवण होते ती बहुधा ते बिघडल्यावरच, आणि मग ती जन्मभर पुरते.

तेव्हा आधी त्याचा पत्ता शोधू. उजव्या हाताची चार बोटे बेंबीच्या वर आडवी ठेवा. बोटांची वरची कड जिथे येते, साधारण त्या उंचीवर स्वादुपिंड आडवे पसरलेले असते. पण ते तुमच्या हाताखाली नाही बरं का! मध्ये जठर आहे, आतडी आहेत. त्या सगळ्यांच्या मागे, पोटाच्या पाठीमागच्या भिंतीला, कण्याला जवळजवळ टेकून ते बसलेले असते. म्हणूनच डॉक्टरांनी पोट कितीही दाबून पाहिले, तरी निरोगी स्वादुपिंड हाताला लागत नाही.

लांबी वीतभरापेक्षा थोडी कमी, म्हणजे पंधरा ते वीस सेंटिमीटर. वजन ऐंशी ते शंभर ग्रॅम, एखाद्या मध्यम कांद्याइतके. रंग पिवळसर गुलाबी, आणि अंग दाणेदार. आकार बेडकाच्या पिल्लासारखा म्हणता येईल : उजवीकडे जाड डोके, मग मान, मग धड, आणि डावीकडे निमुळते होत गेलेले शेपूट. जठरातून निघालेले लहान आतडे सुरुवातीलाच विळ्यासारखे वाकते. त्या विळ्याच्या वाकात स्वादुपिंडाचे डोके चपखल बसलेले असते, आणि शेपूट डाव्या बाजूला थेट पाणथरीपर्यंत, म्हणजे प्लीहेपर्यंत, पोचते.

गुरुजींसाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. हिंदीच्या पुस्तकात यालाच 'अग्न्याशय' म्हणतात. मुलांना दोन्ही पुस्तके वाचावी लागतात आणि मग हे दोन निराळे अवयव आहेत असे त्यांना वाटते. ग्रीक लोकांनी त्याला जे नाव दिले, त्याचा अर्थ 'सगळे मांसच'. हाड नाही, कूर्चा नाही, नुसता मांसाचा गोळा. मग याचा उपयोग तरी काय? शतकानुशतके मोठमोठे वैद्य याला जठराखालची गादी समजत होते.

गादी नव्हे, हे पहिल्यांदा दिसले इटलीतल्या पादुआ शहरात, १६४२ साली. योहान गेऑर्ग विरसुंग नावाच्या जर्मन शारीरज्ञाने फाशी दिलेल्या एका माणसाचे शव उघडले, तेव्हा स्वादुपिंडाच्या पोटातून शेपटापासून डोक्यापर्यंत गेलेली एक नळी त्याला सापडली. तिचे चित्र त्याने तांब्याच्या पत्र्यावर कोरले, त्याचे छाप काढून विद्वानांना पाठवले आणि विचारले : ही रोहिणी आहे की नीला? प्रश्न चुकीचा होता, कारण ती रक्ताची नळीच नव्हती. पुढल्याच वर्षी त्याच शहरात त्याला कोणी गोळी घालून ठार केले. आपण नेमके काय शोधले, हे बिचाऱ्याला कळलेच नाही. त्या नळीला मात्र आजही जगभर त्याचेच नाव आहे.

आता ही नळी काय करते ते पाहू. समजा, दुपारी तुम्ही बांधावर बसून जोंधळ्याची भाकरी, पिठलं आणि वर शेंगदाण्याचे तेल घातलेली चटणी खाल्ली. भाकरीत मुख्यतः पिष्ट, डाळीच्या पिठात प्रथिन, तेलात स्निग्ध पदार्थ. ही तिन्ही जशीच्या तशी रक्तात जाऊ शकत नाहीत. त्यांचे बारीक बारीक तुकडे व्हावे लागतात. तोंडात आणि जठरात सुरुवात होते. पण खरा उरक होतो तो लहान आतड्यात, स्वादुपिंडाच्या रसाने. पिष्टाची साखर करणारे पाचक द्रव्य, प्रथिने तोडणारे, आणि तेलतूप फोडणारे, अशी तिन्ही प्रकारची द्रव्ये या एका रसात असतात. रोज सुमारे एक ते दीड लिटर रस तयार होतो, म्हणजे भरला तांब्या किंवा त्याहून जास्त. कांद्याएवढ्या अवयवाने रोज आपल्या वजनाच्या दहा-पंधरा पट रस द्यायचा; एवढे दूध देणारी म्हैस अजून जन्माला यायची आहे.

या रसात आणखी एक वस्तू असते, आणि ती तुमच्या स्वयंपाकघरात आहे : खायचा सोडा. जठरातून येणारे अन्न आंबट जहाल असते. तसेच पुढे गेले, तर आतड्याला इजा होईल आणि पाचक द्रव्येही चालणार नाहीत. हा सोडा ती आंबटाई मारतो. शाळेत हे दाखवणे सोपे आहे. लिंबाच्या रसात चिमूटभर सोडा टाका. फसफसून तो शांत झाला की मुलांना चव घ्यायला सांगा. पिष्टाची साखर कशी होते तेही दाखवता येते. कोरड्या भाकरीचा तुकडा न गिळता दोन-तीन मिनिटे चावत राहायला सांगा. गोड लागू लागेल. लाळेत जे द्रव्य आहे, त्याचाच सख्खा भाऊ स्वादुपिंडात आहे, आणि तो कितीतरी जास्त जोरकस आहे.

तेलतुपाचे काम या रसाचे, हे फ्रान्सच्या क्लोद बर्नारने १८४८ च्या सुमारास सशावर दाखवले. सशाच्या आतड्यात पित्ताची नळी वर उघडते आणि स्वादुपिंडाची नळी तिच्या दीडएक वीत खाली. बर्नारने सशांना स्निग्ध पदार्थ खाऊ घातले आणि पोट उघडून पाहिले. आतड्यापासून स्निग्धांश वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्या दुधासारख्या पांढऱ्या दिसतात. त्या पांढऱ्या झाल्या होत्या, पण कुठून पुढे? पित्ताच्या नळीपासून नव्हे, स्वादुपिंडाच्या नळीपासून पुढे. निसर्गाने दोन नळ्यांत अंतर ठेवले होते, आणि या गृहस्थाने त्याचा प्रयोग करून घेतला. माणसात मात्र या दोन्ही नळ्या बहुधा शेवटी एकत्र येऊन एकाच तोंडाने आतड्यात उघडतात. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता एक शंका तुमच्या मनात आली असेल. प्रथिने, म्हणजे मांस, पचवणारे द्रव्य मांसाच्याच गोळ्यात तयार होते. मग ते स्वादुपिंडालाच का खात नाही? शंका अगदी रास्त आहे. घर बांधताना कळीचा चुना आणतात ना? पोत्यात कोरडा असतो तोवर निमूट पडून असतो. बांधकामावर नेऊन त्यावर पाणी ओतले, की कसा खदखदतो! स्वादुपिंड हे द्रव्य असेच 'कोरडे', निद्रिस्त ठेवून पाठवते. आतड्यात पोचल्यावर तिथले दुसरे एक द्रव्य त्याला जागे करते, आणि मग ते कामाला लागते.

पण पोत्यावर वाटेतच पाऊस पडला तर? तर पोतेही जळते आणि गाडीही. पित्ताशयातला एखादा खडा घसरत येऊन त्या सामाईक तोंडाशी अडकला, किंवा दारूने स्वादुपिंडाच्या पेशींना मार बसला, तर तो रस आतल्या आत जागा होतो आणि स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागते. या दुखण्याचा तडाखा ज्याने पाहिला, तो विसरत नाही. पोटाच्या वरच्या भागात, बेंबी आणि छाती यांच्या मध्ये, एकाएकी भयंकर कळ उठते. ती पाठीत आरपार जाते. माणूस उताणा झोपू शकत नाही. पुढे वाकून, गुडघे पोटाशी घेऊन बसतो. उलट्या थांबत नाहीत. अशा वेळी गॅस झाला म्हणून सोडा-लिंबू पाजत बसणे किंवा कोणाकडून पोट चोळून घेणे जिवावर बेतते. गाडी जुंपा, जीप मिळवा, १०८ ला फोन करा. पण दवाखाना गाठा. रक्ताच्या तपासणीत पिष्ट किंवा तेलतूप फोडणारे पाचक द्रव्य तिप्पटीहून जास्त वाढलेले सापडले, की निदानाला मोठा आधार मिळतो. आणि दारूविषयी स्पष्टच बोलायला हवे. वर्षानुवर्षे पिणाऱ्यांत हे दुखणे पुनःपुन्हा येते, स्वादुपिंड सुकत जाते, आणि मग तेलतूप न पचता शौचावाटे तसेच पडू लागते. देशी का इंग्रजी, हा भेद स्वादुपिंडाला कळत नाही.

हे झाले पहिले काम. दुसऱ्या कामासाठी आपल्याला बर्लिनला जायला हवे. १८६९ साली पाउल लांगरहान्स नावाचा एक एकवीस-बावीस वर्षांचा विद्यार्थी आपल्या प्रबंधासाठी स्वादुपिंडाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता. रस करणाऱ्या पेशींच्या दाटीत त्याला मधूनमधून निराळ्याच पेशींची लहान लहान बेटे दिसली. त्यांना नळी नव्हती. ती कशासाठी आहेत, हे त्याला सांगता आले नाही. त्याने जे दिसले ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले. अशी सुमारे दहा लाख बेटे प्रत्येकाच्या स्वादुपिंडात असतात, आणि तरी सगळी मिळून त्या अवयवाचा शंभरातला एक-दोनच भाग भरतात.

वीस वर्षांनी, १८८९ साली, स्ट्रासबुर्गमध्ये मेरिंग आणि मिन्कोव्स्की या दोघांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले. त्यांना पाहायचे होते पचनाचे. पण झाले भलतेच. शहाणे शिकवलेले कुत्रे जागोजाग मुतू लागले. मिन्कोव्स्कीने मूत्र तपासले, तर त्यात साखर! आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनी ज्याला मधुमेह म्हटले आणि मूत्राला मुंग्या लागतात ही ज्याची खूण लिहून ठेवली, तोच रोग. नुसती नळी बांधून टाकली, तर मात्र तो होत नसे. म्हणजे नळीशिवाय, थेट रक्तात, स्वादुपिंड आणखी काहीतरी सोडत होते. ते सोडणारी ती लांगरहान्सची बेटे होती, आणि ते द्रव्य म्हणजे इन्सुलिन.

इन्सुलिन काय करते, हे शेतकऱ्याला समजावणे डॉक्टरला समजावण्यापेक्षा सोपे आहे. पाटाला पाणी आले. पण दारं धरणारा गडी नसेल तर? पाट तुडुंब, आणि वाफे कोरडे. पाणी पाट फोडून ओढ्याला जाते आणि ऊस उभ्या उभ्या वाळतो. रक्त हा पाट, साखर हे पाणी, अंगातले स्नायू आणि चरबी हे वाफे, आणि इन्सुलिन हा दारं धरणारा गडी. तो वाफ्याचे तोंड उघडून देतो आणि जास्तीचे पाणी यकृताच्या तळ्यात साठवायला लावतो. त्याच बेटांतून ग्लुकागॉन नावाचे दुसरे द्रव्यही निघते. ते उलटे काम करते : उपासाच्या वेळी, रात्री झोपेत, तळ्यातले पाणी पुन्हा पाटात सोडायला लावते. आपल्या अंगातल्या सुमारे पाच लिटर रक्तात उपाशीपोटी साखर किती असते, ठाऊक आहे? अवघी पाच ग्रॅमच्या आसपास, चहाचा एक चमचा. ही दोघे मिळून ती एवढीच राखतात, मग तुम्ही पुरणपोळी खा नाहीतर एकादशी करा.

गडीच नाहीसा झाला, तर काय होते? मी एका गावच्या शाळेतल्या मुलाची गोष्ट सांगतो. चौथीतला पोरगा. महिनाभरात अंगाने झडला. दर तासाला लघवीला परवानगी मागे, आणि वाटेत माठावर थांबून दोन दोन पेले पाणी पिई. बाईंना वाटले, टाळाटाळ करतो. त्यांनी त्याला दोनदा बसवून ठेवले. घरी तो अंथरूण ओले करू लागला, तेव्हा आजीने बाहेरचे काही असेल म्हणून अंगारा लावला. शेवटी उलट्या, पोटदुखी, आणि श्वास असा जलद, की धावून आल्यासारखा. तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. तालुक्याच्या डॉक्टरांनी बोटातून एक थेंब रक्त काढून यंत्रावर पाहिले. साखर पाचशेच्या वर. पोरगा वाचला. आणखी एक रात्र घरी गेली असती, तर कदाचित वाचला नसता. ज्या बाईंनी त्याला बसवून ठेवले होते, त्या आता दरवर्षी नव्या शिक्षकांना हे आपण होऊन सांगतात.

लहान मुलांत होणारा हा मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही, कोणाच्या पापानेही होत नाही. शरीराची रोगाशी लढणारी फौज चुकून आपल्याच बेटांवर चालून जाते. बेटे नष्ट झाली, की इन्सुलिन बाहेरूनच द्यावे लागते, आणि रोज द्यावे लागते. १९२२ पूर्वी असे मूल काही महिन्यांत, फार तर एक-दोन वर्षांत जाई; डॉक्टरांच्या हाती उपाशी ठेवण्यापलीकडे फारसा उपाय नव्हता. १९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या टोरोंटो विद्यापीठात बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडाचा अर्क काढायचे काम सुरू केले. प्राध्यापक मॅक्लाउड यांची प्रयोगशाळा होती, आणि अर्क शुद्ध करण्याचे अवघड काम कॉलिप यांनी केले. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड टॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला तो टोचला. पहिला अर्क अशुद्ध निघाला; बारा दिवसांनी दिलेल्या शुद्ध अर्काने साखर उतरली. तो मुलगा पुढे तेरा वर्षे जगला. या शोधाचे हक्क विद्यापीठाला विकताना शोधकांनी एकेक डॉलर घेतला. १९२३ चे नोबेल बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळाले. त्या दोघांनी आपापली रक्कम बेस्ट आणि कॉलिप यांच्याबरोबर वाटून घेतली.

पूर्वी हे औषध गुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत. १९७८ साली जंतूंकडून माणसाचे इन्सुलिन करवून घेण्याची युक्ती साधली आणि १९८२ पासून ते बाजारात आले. पुष्कळ लोक विचारतात, सुईच कशाला, गोळी का नाही? कारण इन्सुलिन हेही प्रथिनच. गिळले की त्याच स्वादुपिंडाचा पहिला रस त्याला भाकरी-पिठल्याबरोबर पचवून टाकतो. एकाच घरातल्या दोन भावांचे हे असे आहे. तेव्हा कोणी पुडी किंवा काढा देऊन "सुई बंद करा" म्हणाला, तर मुलाच्या आईबापांनी त्याच्या पायरीवरून माघारी फिरावे. हे मुद्दाम जोर देऊन सांगतो, कारण सुई अशी बंद केल्याने मुले दगावली आहेत.

मोठ्या माणसांत जास्त करून आढळतो तो मधुमेह निराळा. तिथे गडी आहे, पण वाफ्याच्या तोंडाशी गाळ साचलेला. दार लवकर उघडत नाही. गडी जास्त राबतो आणि वर्षांनुवर्षांनी थकतो. "आम्ही शेतात खपणारी बारीक माणसे, आम्हाला कुठली साखर?" असे पुष्कळजण म्हणतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हातापायांनी काटकुळी, पण अंगातली चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. वरून बारीक आणि आतून चरबीचे, असे आपले अंग आईच्या पोटापासूनच घडते. म्हणून बारीकपणावर विसंबू नये. तिशी ओलांडल्यावर उपाशीपोटी साखर तपासून घ्यावी. ती १२६ किंवा वर निघाली, तर पुन्हा तपासून डॉक्टरांचे मत घ्यावे. आणि गरोदर बाईच्या ताटात काय पडते, हा प्रश्न तिच्या पोटातल्या बाळाच्या स्वादुपिंडाचाही आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी जाणावे.

आता राहिल्या दोन व्यवहारातल्या गोष्टी. इन्सुलिनची न उघडलेली बाटली शीतकपाटात ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे; गोठलेले औषध फेकूनच द्यावे लागते. घरी शीतकपाट नसेल, किंवा वीज भरवशाची नसेल, तर दोन मातीची मडकी घ्यावीत, एक मोठे, एक लहान. मोठ्यात वाळू भरून त्यात लहान मडके बसवावे, वाळू पाण्याने ओली ठेवावी, आणि बाटली आतल्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशी डबीत घालून, वर ओले फडके झाकून सावलीत ठेवावी. उन्हाळ्यातही औषध पुष्कळ गार राहते. वापरायला काढलेली बाटली साधारण चार आठवड्यांत संपवावी.

दुसरी गोष्ट गुरुजींसाठी. इन्सुलिन घेणारे मूल वर्गात एकाएकी घामाघूम झाले, हातपाय कापू लागले, असंबद्ध बोलू लागले, तर त्याची साखर वाढलेली नसून उतरलेली असण्याचा संभव मोठा. शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, गूळ चालेल, आणि पंधरा मिनिटे जवळ बसा. बरे वाटले नाही, तर पुन्हा तेवढीच द्या. बरे वाटल्यावर भाकरी किंवा पोळी खायला घाला. शुद्ध हरपली असेल, तर मात्र तोंडात काहीही घालू नका. कुशीवर निजवा आणि गाडी बोलवा. साखरेची एक पुडी आपल्या मेजाच्या खणात कायमची ठेवा, आणि ती कुठे आहे ते वर्गातल्या दोन-तीन थोरल्या मुलांनाही दाखवून ठेवा.